अर्धी चाल

चिंचवडहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसायची. पन्नाशीची बाई, गळ्यात बारीक क्रूस. बोटं सतत पुढच्या सीटच्या दांडीवर ताल धरून असायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

"मावशी, गाता का तुम्ही?" एकदा मी विचारलं.

"चर्चमधल्या गीतांना चाली लावायचे. आमचे मालक वारले तेव्हापासून एकही सुचली नाही."

"प्रार्थना करून बघा ना."

"रोज करते, बाळा. पण प्रार्थना आपण करायची, चाल प्रभूनं द्यायची."

एका सकाळी मोशीच्या सिग्नलला ती एकदम उठली. "भाऊ, तेवढी गाणी बंद करा हो!"

ड्रायव्हरनं बंद केली. ती डोळे मिटून गुणगुणू लागली. दोनच ओळींची चाल, अंगाईसारखी साधी. मग सूर थांबला. बराच वेळ ती तशीच उभी राहिली, आणि खाली बसली.

"अर्धीच आली," पदरानं डोळे पुसत ती म्हणाली. "असू दे. उरलेली द्यायला त्याला परत यावं लागेल."

मी चर्चची पायरी कधी चढले नाही. तरी त्यानं लवकर यावं, असं मला फार वाटलं.