नवऱ्याची साक्ष

मंदीच्या दिवसांत माझ्या नवऱ्याची सॉफ्टवेअरमधली नोकरी गेली. तो कार्डबोर्डचं खोकं घेऊन इंग्लंडमधल्या आमच्या स्लाऊच्या भाड्याच्या घरात आला, तेव्हा मी केअर होममधून नुकतीच परतले होते. अंगात अजून कामाचा गणवेश, ट्युनिक, होता. त्यानं खोकं खाली ठेवलं आणि म्हणाला, "चल, गुडघे टेकू या. आधी उपकारस्तुती." आम्ही कार्पेटवर गुडघे टेकले. नोकरी गेल्याबद्दल त्यानं प्रभूचे आभार मानले. मला तेव्हा त्याचं खरंच कौतुक वाटलं.

ते कौतुक फार टिकलं नाही.

आदल्याच वर्षी आम्हाला इथं कायम राहण्याचा परवाना मिळाला होता, म्हणून पुण्याला परत जावं लागलं नाही. केअर होममधलं माझं काम होतंच. मी जादा शिफ्ट मागून घेतल्या. म्हाताऱ्यांना उठवणं, आंघोळ घालणं, भरवणं, पुन्हा झोपवणं. मी घरी यायची तेव्हा नवरा सोफ्यावर बायबल उघडून बसलेला असायचा आणि सिंकमध्ये सकाळची भांडी तशीच. "आज प्रभूनं मला फार दिलं," असं तो म्हणायचा. अर्ज किती केलेस, असं विचारलं की चेहरा दुखावल्यासारखा करायचा. माझा विश्वास कमी पडतोय, हे त्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं असायचं.

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळींची महिन्यातून एकदा एका भाड्याच्या हॉलमध्ये भक्ती असे. तिथं त्यानं पहिल्यांदा साक्ष दिली. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं, ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगणं. "प्रभूनं माझी नोकरी काढून घेतली, कारण त्याला माझा वेळ हवा होता," तो म्हणाला. बायकांनी डोळे पुसले. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, त्याला मिठी मारली. मग सगळ्यांनी समोसे खाल्ले. त्या हॉलमधल्या प्रत्येकाची नोकरी शाबूत होती, आणि दुसऱ्याच्या संकटाबद्दल देवाचे आभार मानायला त्यांना मनापासून आवडत होतं.

मग आमंत्रणं येऊ लागली. आज रेडिंग, पुढच्या शनिवारी लंडन. बेकार माणूस एकदम वक्ता झाला. मी सुट्टीच्या दिवशी पहिल्या रांगेत बसून तीच साक्ष ऐकायची. त्याचा गळा कुठं दाटून येणार, ते मला पाठ झालं होतं. इकडे मला "ताई, किती भाग्यवान तुम्ही!" असं म्हणणाऱ्या बायका भेटायच्या. माझ्या पायात गोळे आलेले असायचे, म्हणून मी एका पायावर भार देऊन उभी असायची.

माझी आईसुद्धा उपकारस्तुती करायची. नगरला, वडील गेल्यानंतर. दोनच वाक्यं बोलायची आणि पदर खोचून मिशनच्या दवाखान्यात कामाला जायची. प्रत्येक परिस्थितीत आभार मानावेत ही शिकवण मी तिच्याकडूनच घेतली, आणि अजूनही मानते. पण ती लोकांपुढे कधी रडली नाही, आणि आभार मानून झाल्यावर कधी आडवीही झाली नाही.

एका पावसाळी दुपारी मी बाजार करून बसनं आले. दाराशी पोचल्यावर लक्षात आलं, दूध राहिलं. पिशवी जड होती, म्हणून पायरीवर ठेवली आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. परत आले तर नवरा दारात उभा, पिशवी छातीशी धरून, डोळे भरलेले.

"बघ, कुणीतरी ठेवून गेलं. प्रभूनं आपली गरज ओळखली."

"अरे, मी ठेवलीय ती. दूध आणायला गेले होते."

त्यानं पिशवी आत नेऊन ठेवली. विषय संपला, असं मला वाटलं.

पुढची भक्ती लेस्टरला होती. हॉल भरलेला. नेहमीची साक्ष झाली आणि मग त्यात नवीन भाग आला. "घरात पीठसुद्धा उरलं नव्हतं," तो म्हणाला. घरात पिठाचा डबा गच्च भरलेला होता, मीच भरला होता. "मी दार उघडलं, तर पायरीवर पिशवी. कुणी ठेवली, आजपर्यंत ठाऊक नाही." इथं गळा दाटला. नवी जागा होती, पण बरोबर जमली.

आमचे पाळकसाहेबही आले होते, ते माझ्याकडे वळले. "ताई, तुम्हीही दोन शब्द बोला."

मी उठले. "ती पिशवी मी ठेवली होती," मी म्हणाले. "दूध आणायचं राहिलं, म्हणून. त्याच दिवशी मी ह्यांना हे सांगितलंय."

पाळकसाहेब हसरा चेहरा करून म्हणाले, "ताई, देव माणसांचाच तर उपयोग करून घेतो."

"मग आभार मानताना त्या माणसाचंही नाव घ्या की."

मागे बसलेल्या एक आजीबाई मोठ्यानं हसल्या. त्यांच्या सुनेनं त्यांचा हात दाबला, तरी त्या हसतच राहिल्या. समोसे त्या दिवशी लोकांनी जरा घाईनं खाल्ले.

परत येताना गाडी तोच चालवत होता. मोटरवेवर आल्यावर म्हणाला, "तू माझी साक्ष मोडलीस."

"माझी पाठ मोडलीय," मी म्हणाले. "त्याबद्दल एकदा तरी प्रार्थना केलीस का?"

त्यानं वायपर जोरात केले. पाऊस तेवढा नव्हता.

आमंत्रणं थांबली. काही आठवडे तो घरात तोंड पाडून वावरला. जणू नोकरी त्याची आत्ता गेली होती. मग एका सोमवारी, मला न सांगता, नोकऱ्या मिळवून देणाऱ्या एजन्सीत नाव घालून आला. जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वेअरहाऊसमध्ये खोकी भरायचं काम मिळालं. पहिल्या दिवशी घरी आला तो लंगडत. बूट काढताना कण्हला. मी गरम पाण्याची बादली पुढे सरकवली, कारण कण्हणं खरं होतं.

जेवायला बसल्यावर त्यानं हात जोडले. मी लांबलचक प्रार्थनेची तयारी ठेवून डोळे मिटले. "देवा, जेवण मिळालं. हिनं केलं. आमेन," तो म्हणाला आणि पोळी तोडली. लग्नानंतरची त्याची ती सर्वांत लहान प्रार्थना. मला पटलेली तेवढी एकच.

काही महिन्यांनी पाळकसाहेबांचा फोन आला. प्रभूनं पुन्हा काम दिलं, तर आता त्याची साक्ष हवी, लोक वाट बघताहेत. नवऱ्यानं फोन कानाला धरून माझ्याकडे पाहिलं. मी कणीक मळत होते, मान वर केली नाही.

"नाही जमणार, पाळकसाहेब," तो म्हणाला. "शनिवारी शिफ्ट आहे."

पाळकसाहेब पलीकडून बराच वेळ बोलत राहिले.