तोच कूलर

नागपुरात होळी झाली की माळ्यावरचा कूलर खाली येतो. आमच्या सक्करदऱ्याच्या घरी हे काम माझे यजमान करायचे. ते पाटबंधारे खात्यात होते आणि मी कॉलेजात पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवायची. म्हणजे ते पाना फिरवायचे आणि मी शेजारी उभी राहून अक्कल शिकवायची.

एका वर्षी वाळ्याच्या ताट्या बदलताना मी त्यांना ग्रीकांचं जुनं कोडं सांगितलं. एका जहाजाच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलत गेले. शेवटी जुनी एकही फळी उरली नाही. मग ते जहाज तेच का? वर्गात या कोड्यावर पोरं जांभया द्यायची. यांनी मात्र पाना खाली ठेवला.

"काहून तेच नाही? बंदरात उभं कोन होतं मंग इतके दिवस?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणून मी चिडले. तिथून आमचं दरसालचं भांडण सुरू झालं. पंप बदलला, मोटर बदलली, गंजलेली टाकीसुद्धा बदलली. मी दरवेळी म्हणायची, "हा आता तुमचा कूलर नाही."

"तोच आहे वं. हवा त्याच खिडकीतून येऊन राहिली ना?"

"खिडकी म्हणजे कूलर नव्हे!"

चहा गार व्हायचा, पण आम्ही दोघंही हटायचो नाही. खरं सांगते, मी उन्हाळ्याची वाट त्या भांडणासाठी बघायची. एवढी वर्षं शिकवलं, पण माझ्याशी जीव तोडून वाद घालणारा हा एकच माणूस मला मिळाला.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. पुण्याहून लेक फोनवर सारखी म्हणते, "आई, एसी लाव आता." एसीचं नाव काढलं की मी विषय बदलते. त्यांनी आणलेल्या मूळ कूलरचं काहीतरी त्या खिडकीत राहावं, एवढंच मला हवं होतं.

यंदा बाजारातून कूलरवाल्याला बोलावलं. त्यानं झाकण काढून आत बघितलं.

"काकू, यात जुना म्हनाल तं पंखाच राहिला. त्याची पाती तडकली. बदलवून टाकू?"

"नको."

"अवो, तुटून जाळीतून बाहेर येईन. एकट्या राहता तुम्ही."

ते ऐकून मी बदला म्हटलं. त्यानं नवा पंखा बसवला, पाणी भरलं, बटण दाबलं. ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला. जुना पंखा अंगणात आंब्याखाली पडला होता.

"घ्या काकू, कूलर नवाच झाला तुमचा."

"नवा काहून?" मी एकदम खेकसले. "तोच आहे! हवा त्याच खिडकीतून येऊन राहिली ना?"

तो बिचारा दचकला. मग हसून म्हणाला, "बरं काकू. तोच म्हना." आणि हत्यारं पिशवीत भरून निघून गेला.

इतक्या लवकर कोणी कबूल होतं का? मी पलंगावर बसले आणि मला रडू फुटलं. चेहऱ्यावर कूलरची गार हवा येत होती. यांची बाजू तर मी घेऊन बसले होते, पण माझी जुनी बाजू घेऊन माझ्याशी भांडायला घरात कोणीच नव्हतं.