मिलिंदची चौदा इंची चाकं

माझा भाऊ गेला त्याला आज वर्ष झालं, आणि काल त्याच्या मित्रांनी त्याच्या गाडीला सोळा इंची चाकं लावली.

हसू येत असेल तर खुशाल हसा. मला शिसारी आली.

मिलिंद डेंग्यूने गेला. आठवड्याच्या आत सगळं संपलं. हे आधीच सांगते, कारण 'लोअर केलेली', म्हणजे मुद्दाम खाली बसवलेली गाडी म्हटलं की लोक ॲक्सिडेंट धरूनच चालतात.

वर्षश्राद्ध तिथीने आधीच झालं होतं. आजच्या दिवशी आई-बाबांजवळ असावं म्हणून मी काल धारहून देवासला माहेरी आले.

चौकातच फ्लेक्स.

त्यावर गाडी ही एवढी मोठी. मिलिंद कोपऱ्यात, आधार कार्डावरच्या फोटोएवढा. खाली मित्रांची गॉगल लावलेली रांग, जणू तेच निवडणुकीला उभे आहेत.

आणि वर मोठ्या अक्षरांत: "मिलिंद भिया का अधूरा सपना, हम करेंगे पूरा."

सपना म्हणजे काय? तर सोळा इंची अलॉय चाकं!

घरासमोर गाडी जॅकवर होती. तीन चाकं बदलून झालेली, चौथं चढत होतं. एक जण मोबाईल धरून रील काढत होता.

विक्की, या टोळीचा म्होरक्या, मला बघून रडवेला चेहरा करून पुढे आला. तोंड मात्र कॅमेऱ्याकडे.

"दीदी, भिया की आख़री इच्छा थी. पैसे की तंगी थी न, इसलिए चौदह पे अटक गए थे बेचारे. कल इसी गाड़ी से रैली निकालेंगे."

बेचारे!

माझ्या भावाला जिवंतपणी असं म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. मेल्यावर सोय झाली.

याच लोकांनी त्याची चौदाची चाकं बघून ग्रुपवर "ऑटोरिक्शा, ऑटोरिक्शा" म्हणून दात काढले होते. आता तेच हळहळत होते.

तेही गिळलं असतं मी. पण ओट्यावर बसलेल्या बाबांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं,

"खरंच त्याला पैसे कमी पडले होते का गं? मला का नाही बोलला? मी काय नाही म्हटलं असतं?"

मुलगा गेल्याचं दुःख पचवून कसाबसा उभा राहिलेला म्हातारा माणूस. चार लाईक्ससाठी या नालायकांनी त्याच्या गळ्यात आणखी एक धोंडा बांधला.

विक्कीच्या कानशिलात द्यावीशी वाटली. दिली नाही. बाबांशेजारी बसले आणि त्यांना आठवण करून दिली.

मिलिंदने स्प्रिंगा बदलून गाडी दोन बोटं खाली बसवली होती. हौस होती, नाही कशाला म्हणू. मग अलॉय कुठल्या साईझचे घ्यायचे, यावर महाराजांचं चिंतन सुरू झालं. जेवताना तेच, पूजेच्या वेळी तेच.

शेवटी कुणाकडून तरी पंधराचा सेट मागून आणला, लावला आणि आम्हा सगळ्यांना गाडीत कोंबलं. बाबा पुढे. मागे आई, मावशी आणि मी. डिकीत लोहारद्याहून आलेलं गव्हाचं पोतं.

आई म्हणाली, "अरे, हे काय करून राहिलास?"

"टेस्टिंग."

निघालो अमझेऱ्याला, देवदर्शनाच्या नावाखाली. पहिल्याच स्पीडब्रेकरवर मागून घर्रर्र. पुढच्यावर पुन्हा. आईने तिथूनच देवाचा धावा सुरू केला.

बाबा कडाडले, "मिलू, चाक घासून राहिलंय! उद्याच्या उद्या काढ ही."

त्याने गाडी कडेला घेतली, मागच्या मडगार्डमध्ये हात घालून बघितलं. टायर वरून टेकत होता. चाक मोठं, गाडी खाली, आणि आत आम्ही सगळे खात्यापित्या घरचे.

"ताई, एकट्याने चालवली तर पंधराही मस्त चालतील," तो म्हणाला. "पण एकट्याची गाडी घेऊन करू काय?"

घरी आल्यावर चौदाचे घेतले. टायर जरा जाड, सगळे बसले तरी घासत नाही, खड्ड्याचा दणका आईच्या कमरेपर्यंत पोचत नाही. विषय संपला.

तो चौदावर अटकला नव्हता. त्याने चौदा निवडले होते.

बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "काढ म्हणून मीच म्हटलं होतं, नाही का?"

"हो बाबा. तुम्हीच."

ते उठले, अनवाणीच. विक्कीच्या हातातला पाना काढून घेतला.

"ये पहिए उतारो."

"अंकल, भिया का सपना था..."

"मेरे लड़के ने मेरे कहने से बड़े पहिए निकाले थे. तुम किससे पूछ के लगा रहे हो?"

एवढं होऊनही त्या पोराची रील चालूच! मोबाईल मी हिसकावला आणि डिलीट केली.

"अंकल इमोशनल हो गए," असं पुटपुटत त्यांनी आपली चाकं उतरवली. जाताना सॉरी म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. आजची रॅली त्यांनी खुशाल काढावी, आमची गाडी त्यात नाही.

फ्लेक्स अजून चौकातच आहे. देवासची मंडळी तो बघतीलच. बघून कृपा करून "अरेरे, बिचाऱ्याचं राहून गेलं" म्हणू नका. त्याचं राहिलं ते खूप राहिलं. चाकं त्यात नव्हती.

चौदाची चारही चाकं बाबांनी स्वतः परत लावली. मला नुसता जॅक धरू दिला. मग काळ्या हातांनी तिथेच पायरीवर बसले आणि आईला म्हणाले,

"ऐकलं होतं गं त्याने माझं."

आणि वर्षभरात पहिल्यांदा मोठ्याने रडले.

मिलू, भरल्या डोळ्यांनी निरोप देते रे तुला.
तुझी ताई