आरशातलं बेट

खुर्चीत बसण्याआधी काका ती जरा पुढे-मागे सरकवून बघत.

कोणी मागून हाक मारली तर वळत नसत. समोरच्या कपाटाच्या काचेत त्याला शोधत.

घराबाहेर पडताना माणसं मोजत. ते आणि काकू, दोघंच असले तरी.

चहा वाफ जायच्या आत संपवत. जेवण त्याहून लवकर.

संत्रं सोलताना साल तुटू देत नसत. एकच लांबलचक पट्टी निघायची. ती दाराच्या कडीला लटकवत. जिन्यातली पोरं पळवून न्यायची. सोलायला घेतलेलं संत्रं टाकून ते दार उघडायलासुद्धा उठत नसत. बेल वाजवणारा वाजवत राहायचा.

आणि कोणी घाई केली की एकच उत्तर. "सावकाश."

म्हणून सगळ्या इमारतीत त्यांचं नाव सावकाशकाका पडलं. खरं नाव पाटीवर होतं, पण ती पाटी कोण वाचतो?

काका सहलीची बस चालवायचे. त्यांचा देश म्हणजे एक बेट. किनाऱ्याकिनाऱ्याने एक रस्ता त्याला पुरता वेढा घालतो. बाहेरदेशीची माणसं येतात ती दोन गोष्टींसाठी, खायला आणि बघायला. एका मुक्कामाची फेरी असते. वाटेत निखाऱ्यावर भाजलेले मासे, मग डोंगरातली फळं, मग शिंपल्यांचं गरम सूप, आणि शेवटी पश्चिमेचा घाट. त्या घाटातल्या एका वळणासाठी लोक पहिल्या दिवसापासून खिडकीच्या जागेवरून भांडतात.

काकांनी सगळी नोकरी याच रस्त्यावर काढली.

वरच्या मजल्यावर एक मुलगी राहायची. साहित्यात नुकतीच पदवी घेतलेली, नोकरीच्या शोधात, म्हणजे घरच्यांच्या भाषेत रिकामी. संध्याकाळी ती काकांच्या उंबऱ्यावर येऊन बसायची. काका तिला बाईसाहेब म्हणत. ते सांगायचे, ती ऐकायची.

"त्या वळणावर काय होतं सांगू, बाईसाहेब? घाटभर कचाकचा भांडणारं जोडपं असतं, ते गप्प होतं. एक म्हातारा तर उभा राहिला आणि डोक्यावरची टोपी काढली. जणू कोणी मोठं माणूस आत आलंय. एक बाई वाटभर ओकत आलेली. पिशवी हातात तशीच, आणि हसायला लागली!"

"आणि तिथे दिसतं काय?"

"मला काय विचारतेस? मी गाडी चालवत होतो."

तिला वाटलं, थट्टा करतायत. थट्टा नव्हती. ते वळण अरुंद. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. गाडी थांबवायला जागा नाही. चालवणाऱ्याने कड्याकडे बघायचं. समुद्राकडे डोळा गेला की गाडीही तिकडेच जाते. काकांनी कधी बघितलं नाही. वळण यायच्या जरा आधी ते डोक्यावरचा आतला आरसा बोटाने किंचित खाली करायचे. त्यात मागच्या माणसांची तोंडं दिसायची. सगळं बेट त्यांनी त्या वीतभर आरशात बघितलं होतं. दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर.

"मग सुट्टीच्या दिवशी का नाही गेलात?"

"सुट्टीच्या दिवशी पुन्हा बस? काकूला गाडी लागते, आणि मला झोप. जाऊ की कधीतरी. वळण काय पळून जातंय?"

वळण पळून गेलं नाही. डोळेच निघून चालले.

बसच्या आवारात रिकामी गाडी लावताना डावीकडचा खांब काकांना दिसलाच नाही. नुसता पत्रा चेपला. कोणी काही बोललंही नसतं. पण काका खाली उतरले, खांबाला हात लावून बघितला, ऑफिसात गेले आणि किल्ली टेबलावर ठेवली. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. कडेचं गेलं ते परत येणार नाही. मधलं आहे ते औषधाने धरून ठेवू. किती दिवस, ते सांगता येत नाही.

हे काकूंनी तिला शेंगा सोलता सोलता सांगितलं. आवाज खाली होता. आतल्या खोलीत काका रेडिओ पुसत होते.

"ह्यांना ते वळण बघायचंय. मरतील पण तोंडाने म्हणणार नाहीत. काल झोपेत पाय दाबत होते, ब्रेक असल्यासारखा. माझी नडगी फुटली." काकू हसल्या आणि मग हसू आवरलं. "मी गेले तर सगळा घाट मलाच सांभाळत बसतील. तू जा बाई. पायरी चुकली तर हात दे. पण दिलास असं दाखवू नकोस."

म्हणून ती गेली.

बस तीच होती. नवा ड्रायव्हर काकांच्याच हाताखाली तयार झालेला. काकांना चढताना बघून तो सीटवरून अर्धा उठला.

"उस्ताद! बसा इथे. मी मागे जातो."

"बस बस. आज मी गिऱ्हाईक. आणि गाडी दुसऱ्या गिअरात का उभी केलीस? चढावर आहे ती."

"झालं! गिऱ्हाईकाची तक्रार सुरू."

काका ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीशी बसले. सीट पुढे-मागे सरकवून बघितली. ती सरकणारी नव्हती. मग त्यांनी माणसं मोजली. आकडा जुळल्यावरच त्यांनी मान टेकली.

दुपारी माशांची खानावळ आली. समुद्राला लागून लाकडी बाकं, एका कडेला निखारे. सगळे पुढच्या दाराने आत गेले. काका सरळ मागच्या दाराकडे चालू लागले. मुलीने हात धरला, मग आठवून सोडला.

"काका, इकडून."

मालकीणबाई निखाऱ्यापाशी उभ्या होत्या. कमरेवर हात, कपाळावर राख. "अगंबाई! पुढच्या दाराने? वाट चुकलात काय?"

ड्रायव्हरचं जेवण आत स्वयंपाकघरात असायचं, उभ्याउभ्या. भात आणि वर पातळ कालवण. निखाऱ्यावरच्या माशाला वेळ लागतो, आणि ड्रायव्हरकडे तोच नसतो. ज्या माशासाठी लोक समुद्र ओलांडून येत, तो काकांनी कधी खाल्लाच नव्हता. त्याची उष्टी ताटं तेवढी बघितली होती.

ताट आलं. मुलगी पहिला काटा बाजूला काढते आहे तोवर काकांनी मासा संपवला, हात धुतला आणि दारात जाऊन उभे राहिले. खिशात हात घातला. किल्ली नव्हती. मागे वळून बघितलं. सगळे निवांत जेवत होते.

ते परत येऊन बसले. ओशाळले होते.

"बाई," त्यांनी मालकीणबाईंना हाक मारली, "अजून एक आणा. पहिला कुठे गेला मला कळलं नाही."

"पोटात गेला असेल. बघते शिल्लक आहे का."

दुसरा मासा त्यांनी हळू खाल्ला. घास तोंडात ठेवून थांबायचे. पुढ्यात पाणी चमकत होतं. कोणी त्यांची वाट बघत नव्हतं. एकदा त्यांनी डोळे मिटले. मुलीला वाटलं, काटा लागला.

"काय झालं, काका?"

"धूर लागतो याला. आणि मग आत गोड आहे." त्यांनी आणखी एक घास घेतला. "म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बस घाटाला लागली. काका पुढे सरकून बसले. प्रत्येक वळणाआधी त्यांचा उजवा पाय फळीवर दाबला जात होता. नवा ड्रायव्हर गिअर बदलायचा त्याच्या क्षणभर आधी काकांचा हात गुडघ्यावर हलायचा.

"आता," ते म्हणाले.

रस्ता कड्याच्या फटीतून बाहेर आला आणि काकांच्या खिडकीकडची जमीन संपली.

मुलीने वर्णनं पुष्कळ वाचली होती. त्यावर परीक्षा दिल्या होत्या. त्यातलं काहीच आठवलं नाही. खाली, फार खाली, समुद्र होता आणि तो एका रंगाचा नव्हता. पाण्यातून काळे खडक उभे होते, देवळाच्या खांबांएवढे, एकामागे एक, नजर जाईल तिथवर. समोरच्या कड्यावरून एक धबधबा निघाला होता. तो खाली पडत नव्हता. वारा त्याला अधांतरी उचलत होता आणि परत डोंगरावर टाकत होता. पाणी वर चाललं होतं. पांढरे पक्षी त्या पाण्यातून आरपार जात होते. गाडीत कोणीतरी "आई गं" म्हणालं.

तिने वळून काकांकडे बघितलं.

काका आरशात बघत होते.

मान वर, नजर ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या त्या वीतभर आरशात. चेहऱ्यावर हसू. त्यांना मागची उघडी तोंडं दिसत होती.

मग पुन्हा कडा आडवा आला आणि खिडकीत नुसता खडक राहिला.

"बघितलंत?" तिने विचारलं.

"बघितलं की! ती तिसऱ्या रांगेतली बाई रडली. तो चष्मेवाला तर..." काका थांबले. खिडकीकडे वळले. "गेलं?"

"गेलं."

ते एकदा हसले. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्या हातांकडे बघत बसले.

नव्या ड्रायव्हरने आरशात हे सगळं बघितलं होतं. त्या आरशाची सवय त्यालाही काकांनीच लावलेली. घाटमाथ्यावर चहाची टपरी होती, गाडी वळवण्यापुरती मोकळी जागा होती. त्याने गाडी थांबवली आणि उभा राहिला.

"मंडळी, जरा ऐका. हे माझे उस्ताद. आत्ता गेलं ते वळण यांनी सगळी नोकरीभर लोकांना दाखवलं. स्वतः बघितलं नाही. आज त्यासाठीच आले होते, आणि आजही चुकलं. यांचे डोळे पुढच्या वर्षी किती साथ देतील, माहीत नाही. उतरताना ते पाठीमागे राहतं, काही दिसत नाही. खाली जाऊन, गाडी वळवून, परत चढावं लागेल."

"अरे, काय चालवलंयस!" काकांचे कान लाल झाले. "लोकांचा खोळंबा करू नकोस. वेळ म्हणजे वेळ. चल पुढे."

"उस्ताद, तुम्ही गिऱ्हाईक आहात. गप्प बसा."

चष्मेवाल्याने विचारलं, "उशीर होईल?"

"होईल. शेवटचा बाजार बुडेल. तुमची खरेदी राहील."

मुलगी समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरून होती. तिसऱ्या रांगेतली बाई अजून डोळे पुसत होती. तीच पहिली बोलली.

"बाजार काय, सगळीकडे भरतो. मला तर परत बघायचंच आहे."

"मलाही," चष्मेवाला म्हणाला. "मी मेला फोटो काढत बसलो होतो."

मग सगळ्यांचाच गलका झाला. काका खिडकीकडे तोंड करून बसले. टपरीवाल्याकडून मुलीने एक संत्रं घेतलं.

बस खाली गेली. वळली. नव्या ड्रायव्हरने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि आतल्या आरशावर टाकला. आरसा झाकला गेला.

"हे काय?" काका म्हणाले. "मागे काही दिसणार नाही तुला."

"मागे तुम्ही आहात. मला काय काळजी?"

मुलीने संत्रं काकांच्या हातात दिलं. "हे सोला. हात मोकळे ठेवलेत तर पुन्हा गाडी चालवायला लागाल."

काका सोलायला लागले. अंगठा देठाशी रोवला, साल उचलली. पट्टी सुटत गेली, गोल गोल, न तुटता. वास पसरला. वळणं येत गेली. त्यांचा पाय एकदा दाबला गेला, दुसऱ्यांदा अर्धाच, मग स्थिर राहिला.

फट जवळ आली. मागून कोणीतरी ओरडलं, "ड्रायव्हरदादा, सावकाश!" आणि मग दोघं-तिघं एकदम, "सावकाश! सावकाश!"

"सावकाशच," नवा ड्रायव्हर म्हणाला. आयुष्यात त्याने ती गाडी इतकी हळू चालवली नव्हती.

जमीन संपली.

काकांची नजर सवयीने वर गेली. तिथे टॉवेल होता. मग ती खिडकीकडे वळली.

त्यांना एका वेळी थोडंच दिसत होतं, दाराच्या फटीतून दिसावं तेवढं. म्हणून ते मान फिरवत होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हळूहळू, काच पुसावी तसे. समुद्र. खडक. पुढचा खडक. मग कडा, आणि कड्यावरून निघालेलं ते पाणी. तिथे मान थांबली. वाऱ्याने पाणी उचललं. त्याच्याबरोबर काकांची हनुवटीही वर उचलली गेली. ओठ सुटले. कपाळावरच्या आठ्या कुठे गेल्या कोण जाणे. तोंड लहान मुलासारखं उघडं पडलं होतं आणि ते मिटायचं त्यांना भान नव्हतं.

मुलीने मागे बघितलं. बाई, चष्मेवाला, सगळी माणसं. बाहेर कोणीच बघत नव्हतं. सगळे काकांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

नवा ड्रायव्हर कड्याकडे बघत होता. आरशाच्या जागी त्याला फक्त टॉवेल दिसत होता.

"उस्ताद," त्याने न वळता विचारलं, "दिसलं का?"

काकांची मान खिडकीकडेच होती. कडा आडवा आला, खिडकीत खडक आला, माथ्यावरची टपरी मागे पडली, तरी ती वळली नाही. काकांच्या मांडीवर संत्रं होतं. सालीची पट्टी अर्ध्यापर्यंत सुटून गुडघ्यावरून खाली लोंबत होती, बसबरोबर हलत होती. अंगठा तिथेच रुतलेला होता.

मुलीने ते संत्रं काढून घेतलं नाही. घरी पोहोचले तेव्हा काकूंनी दार उघडलं, काकांच्या तोंडाकडे बघितलं, मग हाताकडे. ते संत्रं तसंच अर्धं सोललेलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि काकूंना कळलं की ह्यांना दिसलं.