दंडारीतली माय

खोब्रागडे सर वारले, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या सभेत संघपालने भाषण झकास ठोकलं. साहेब झालेला विद्यार्थी, त्यात पहिल्या रांगेत त्याच्याच ऑफिसातली माणसं. सरांनी सांची पाहिली, कोणार्क पाहिलं. दर सुटीत झोळी उचलून निघायचे आणि परतले की पाहिलेलं सगळं रंगीत खडूंनी फळ्यावर काढायचे. लोक माना डोलावत होते.

एक ओळ मात्र त्याने सकाळीच कागदावरून खोडली होती. सर गावच्या दंडारीत, म्हणजे रात्रीच्या लोकनाट्यात, लुगडं नेसून मायचं सोंग घ्यायचे. ऑफिसातल्या लोकांपुढे हे कुठे काढायचं?

तो खाली बसला आणि सरांची बायको, बायनाबाई, उभी राहिली.

"सारं बराबर सांगतलं बाबू. पण ते माय काऊन सोडली?"

संघपालची मान खाली गेली. मांडवात कोणी हसलं नाही, हसले असते तर बरं झालं असतं.

"तुही माय मेली तवा तू रात्रंदिवस रडे," बायनाबाई म्हणाली. "म्हणून सरानं त्या खेळात लेकराचं काम घातलं. आन् लुगडं नेसलेल्या सराच्या मांडीवर, साऱ्या गावासमोर, तूच झोपे."