विजयमालाबाईंचा नवा चाप

विजयमालाबाई नगरच्या एका मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या. आवाज असा खणखणीत की शिट्टी लागत नसे, आणि हसू एकदा सुटलं की आवरत नसे. शाळा सुटली की पदर खोचून सायकलवर टांग टाकायच्या, त्या थेट रायफल क्लबात उतरायच्या. एकाहत्तर सालची गोष्ट.

क्लबात पॉइंट टू-टूचं एकच पिस्तूल होतं. बाकी झकास, पण चाप भारी जड. ओढता ओढता हात थरथरायचा आणि गोळी कागदाच्या कोपऱ्यात जाऊन बसायची. बोटाला बळ यावं म्हणून बाईंनी एका बोटानं भाकरीचं पीठ मळून पाहिलं. भाकरी बिघडल्या, नेम काही सुधारला नाही.

क्लबाची देखरेख भिमाजी सुभेदारांकडे. पाथर्डीचे, फौजेतून निवृत्त झालेले. चाप बदलायला त्यांचा सक्त विरोध.

"बाई, हत्यार हाय त्ये. जड हाय म्हनून मानूस जपून ऱ्हातो."

"जपते मी, काका. पण माझी ताकद नेम धरण्यात जाऊ द्या, कुस्तीत नको."

बाईंनी पाठ सोडली नाही तेव्हा कुठे ते तयार झाले. शहरातल्या परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्या सहादेवनं पुण्याहून नवा, रुंद, हलका चाप मागवून बसवला. रिकाम्या पिस्तुलावर तो पुन्हापुन्हा तपासला. सुभेदारांनीही तपासला, मगच होकार दिला.

रविवारी सकाळी बाई उभ्या राहिल्या. शेजारच्या टार्गेटवर सुभेदार आडवे पडून रायफल चालवत होते. बाईंनी सवयीनं दात-ओठ आवळले, बोट नुसतं टेकवलं, आणि गोळी सुटलीसुद्धा! लोण्यातून सुरी जावी तसा चाप. बाईंच्या अंगात आनंद मावेना. उरलेल्या गोळ्या त्यांनी गाणं गुणगुणावं तशा मारल्या, पिस्तूल रिकामं करून खाली ठेवलं आणि सुभेदारांचंही मारून झाल्यावर टार्गेट बघायला धावल्या.

कागद कोरा.

तिकडे सुभेदार आपल्या टार्गेटपुढे खुशीत उभे होते. काळा गोल भोकांनी भरून गेला होता. "डोळं अजून शाबूत हायेत," ते म्हणाले. मग भोकं मोजायला लागले आणि त्यांचा चेहरा उतरला. मारलेल्या गोळ्यांपेक्षा भोकंच जास्त होती.

बाईंच्या ध्यानात आलं. हर्षाच्या भरात त्यांनी सगळ्या गोळ्या सुभेदारांच्या टार्गेटवर घातल्या होत्या. त्या तिथंच मातीच्या बांधावर बसल्या आणि पोट धरून हसू लागल्या. नवा चाप कसा चालतो ते बघायला आलेला सहादेवही हसत शेजारी बसला.

सुभेदारांनी कडक व्हायचा प्रयत्न केला, पण मिश्या हलायला लागल्या होत्या. "बाई, दुसऱ्याच्या टार्गेटवर मारनं गुन्हा हाय."

"शिक्षा काय, काका?"

"जिलबी. पन आधी त्ये पिस्तूल मला बी द्या जरा."

त्यांनीही जुन्या सवयीनं चाप आवळला. पहिली गोळी मातीत गेली, दुसरी काळ्यात. तिसऱ्या गोळीला सुभेदार पोरासारखे हसत होते. त्या दिवसानंतर चापाबद्दल तक्रार ऐकू आली नाही.

पुढं पुण्याच्या स्पर्धेत बाई दुसऱ्या आल्या. चषक पिशवीत मावेना, म्हणून परतताना एस.टी.त मांडीवर घेऊन बसल्या; सुभेदार आणि सहादेव सोबत होतेच. सुप्याला चहासाठी गाडी थांबली. सुभेदारांनी चषक धुऊन घेतला, चहावाल्याला त्यात चहा ओतायला लावला, आणि बाई, सहादेव आणि ते स्वतः आळीपाळीनं प्याले. कंडक्टरनं डबल बेल दिली तरी चहा संपेना. मग त्यालाही एक घोट मिळाला.