पायऱ्या नसलेली उत्तरं

माझ्या मुलीला मी शिकवणीच्या वर्गासमोर चोर ठरवलं. ती तेव्हा सातवीत होती. हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही, म्हणून आधी तेच लिहिलं.

हडपसरच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. भाग मापात आहे, एवढं म्हणून आमच्याकडे भागत नसे. पाच ठिकाणची मापं घेऊन ती तक्त्यात लिहावी लागत. मापं लिहिली नाहीत तर तपासणी झालीच नाही, असा नियम होता आणि तो मला मनापासून पटलेला होता. मुलीच्या गणिताच्या वहीलाही मी तोच लावला. दिलेलं काय, काढायचं काय, मग एकेक पायरी, शेवटी उत्तर आणि त्याखाली दोन रेघा.

आमच्या गॅलरीतून तेव्हा कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठताना दिसत. गणित पक्कं असलेल्या पोरांचं कल्याण होणार, असं जिन्यात भेटणारा प्रत्येक जण सांगे. शिकवणीच्या सरांनी शिष्यवृत्तीसाठी वीस मुलांची वेगळी तुकडी काढली होती आणि तीत माझी मुलगी होती. त्याचा मला फार अभिमान होता.

पत्नी वऱ्हाडातली, सातवीपर्यंत शिकलेली. ती मुलीला काही समजावू लागली की मी म्हणायचो, "तू तिच्या अभ्यासात पडू नकोस. पेपरात 'मले' न् 'तुले' लिहून येईल ती." हे मी हसत म्हणत असे. हसत म्हटल्याने ते कमी लागत असेल, अशी माझी समजूत होती. पुढे ती काही बोलेनाशी झाली. मला वाटलं, पटलं असेल.

अपूर्णांकांचा धडा सुरू झाला आणि वहीत नुसती उत्तरं दिसू लागली. एका झब्ब्याला पावणेदोन मीटर कापड, तर चोवीस झब्ब्यांना किती? खाली लिहिलेलं : बेचाळीस मीटर. मधे काही नाही. अशी दहा गणितं, त्यातली नऊ बरोबर.

"पायऱ्या कुठायत?"

"मनात केल्या, बाबा."

"पावणेदोन गुणिले चोवीस मनात? मला कागद लागतो!"

मी पुस्तकाच्या शेवटची उत्तरांची पानं ब्लेडने कापून माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवली. पुढच्या आठवड्यातही उत्तरं बरोबरच आली. कारखान्यात एखादं कारण काढून टाकूनही परिणाम तोच राहिला, तर ते कारण नव्हतंच, असं मी नव्या पोरांना शिकवत असे. इथे मी निष्कर्ष काढला की ती आता मैत्रिणीच्या वहीतून उतरवते.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन तिच्याबरोबर शिकवणीला गेलो. वीस मुलं बसलेली होती. मी दारातूनच म्हणालो, "सर, ही उत्तरं चोरते. हिच्यावर लक्ष ठेवा."

सरांनी वही चाळली. "अहो, उत्तर बरोबर आलं म्हणून तक्रार घेऊन आलेले पालक मी प्रथमच पाहतोय. आपलं म्हणणं खरं असेल, तर हिला या तुकडीत ठेवता येणार नाही. विचार करून सांगा."

"खरंच आहे," मी म्हणालो. विचार केला नाही.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मुलीने दप्तर उचललं आणि ती शेजारच्या खोलीत, साध्या तुकडीत जाऊन बसली.

पंधरा दिवसांनी वीज गेल्याने आमची पाळी लवकर सुटली. मी घरी आलो तर दार नुसतं लोटलेलं. आतून पत्नीचा आवाज येत होता, "सोळा पाऊण?"

"बारा."

"अन् चोवीस पाऊण?"

"अठरा. अठरा न् चोवीस, बेचाळीस."

पत्नी पोळ्या लाटत होती, मुलगी ओट्याशी उभी होती. पत्नीचे वडील आठवडी बाजारात कापड विकायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अपूर्णांकांचे सगळे जुने पाढे तिला त्या दुकानात पाठ झाले होते. मला पाहताच दोघी थांबल्या. लाटणंसुद्धा थांबलं.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुमीच म्हटलं नं, अभ्यासात पडू नको म्हणून," पत्नी म्हणाली. "मीच म्हटलं तिले, बाबाले सांगू नको. तुमी वर्गात जाऊन असं बोलसान, हे मले काय ठाऊक!"

मुलीने मान वर केली नाही.

त्याच संध्याकाळी मी सरांकडे गेलो. वर्ग सुटेपर्यंत खाली थांबलो, मुलं गेल्यावर त्यांना जिन्यात गाठलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आरोप वर्गात, आणि खुलासा जिन्यात," ते म्हणाले. "तिला उद्यापासून पाठवा, जागा आहे. पण आपणही या. साडेसहाला सगळे असतात."

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी मी जास्तीचं काम मागून घेतलं आणि आठपर्यंत कारखान्यात थांबलो. नको असलेलं काम मी आयुष्यात तेवढ्या एकाच दिवशी मागून घेतलं.

घरी आलो तेव्हा मुलगी वही उघडून बसली होती. तिने विचारलं, "बाबा, तुम्ही येणार होता ना?"

"सरांशी बोललोय मी. त्यांना सगळं सांगितलंय."

"आणि मुलांना?"

"सर सांगतील."

"नाही सांगितलं त्यांनी," ती म्हणाली. "मी गेले नाही आत. साध्या तुकडीतच बसले."

ती वर्षभर तिथेच बसली. मी रोज तिची वही तपासत राहिलो. झब्ब्याच्या कापडासारखं गणित आलं तरी ती आता सात छेद चार लिहायची, त्याला चोवीसने गुणायची, चारने भाग द्यायची आणि उत्तराखाली दोन रेघा मारायची. एकही पायरी गाळत नव्हती. सही करताना मला वर तिच्याकडे पाहवत नसे.